गैरसोयीच्या जागीं वसलेलें लहान शहर

संगणकावर खेळावयाच्या राज्यविस्ताराच्या खेळांत 'सिव्हिलायझेशन' हा खेळ फार प्रसिद्ध आहे. सिड मायर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या खेळाची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली; आम्ही येथें लिहीत आहों तें २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीविषयीं होय. खेळाच्या गोष्टी शाळेच्या वार्षिकांत कशास, असें पालकांपैकीं कित्येकांस वाटेल. त्यांनीं एक वेळ मुलाच्या शेजारीं बसून तो कागदावर कोणत्या बेरजा-वजाबाक्या मांडतो त्या पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे.

हा खेळ बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें घरें पाडलेल्या नकाशावर चालतो. शहराच्या सीमा वाढल्या म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरासह २१ घरें त्याच्या उपयोगास येतात. शहरांतील एकेक माणूस एकेका घरावर राबून अन्न, उत्पादन किंवा व्यापार मिळवितो आणि दर फेरीस दोन मापें अन्न खातो. उत्पादन हातोड्यांनीं मोजतात, संशोधन चंचुपात्रांनीं. नदीकांठीं सुपीक जमिनींत वसलेलें शहर पाहतां पाहतां फुगतें. त्याविषयीं सांगण्याजोगें फारसें नाहीं. तें कोणाहि खेळाडूच्या हातीं वाढतें.

गेल्या सुटींत आमचे चार विद्यार्थी मिळून एकच डाव खेळत होते. राजधानी उत्तम होती. परंतु उत्तरेचा समुद्रकिनारा शेजारचा राजा बळकावील या भीतीनें त्यांच्यापैकीं एकानें घाईघाईनें तेथें शहर वसविलें आणि त्यास आपल्या गांवाचें, मालवणचें, नांव दिलें. या मालवणाभोंवतीं गोठलेलें माळरान, तीन जंगलें आणि समुद्रांत माशांची एक जागा, याहून कांहीं नव्हतें. माळरानाच्या घरास अन्नाचें एकच माप. तेथें राबणाऱ्याचें स्वतःचेंच पोट भरत नाहीं. शिवाय या खेळांत प्रत्येक नव्या शहराचा खर्च पडतो, आणि तो राजधानीपासूनच्या अंतरानें व शहरांच्या संख्येनें वाढत जातो. खजिना दर फेरीस घटूं लागला. वसविलेलें शहर मोडून टाकण्याची सोय या खेळांत नाहीं. तेव्हां तें शेजारच्या राजास बक्षीस देऊन मोकळें व्हावें, असें तिघांचें मत पडलें. चौथा कांहीं बोलेना. मालवण शत्रूच्या हातीं जावें, हें त्यास कसें रुचावें!

आम्हीं कागद मागविला. मुलांची चूक लगेच ध्यानांत आली. राजधानींत ज्या इमारती ज्या क्रमानें बांधल्या, त्याच तेथेंहि बांधण्याचा त्यांचा बेत होता. पण मालवणचें उत्पादन दर फेरीस एक हातोडा! नेहमींच्या वेगाच्या खेळांत एकट्या ग्रंथालयास ९० हातोडे लागतात. म्हणजे ९० फेऱ्या. या शहरास काय नाहीं याची यादी सर्वांस पाठ होती. काय आहे, हें कोणीं मोजलें नव्हतें.

तें आम्हीं मोजलें. जमीन कशीहि असो, शहराच्या स्वतःच्या घरांतून अन्नाचीं २ मापें मिळतात. माशांच्या जागीं होड्या घातल्या तर तेथून ५ मिळतात. एकूण ७. तीन माणसें खातात ६. म्हणजे एकानें मासे धरावे आणि दोघांनीं गोठलेल्या माळावर पाऊलहि टाकूं नये! ग्रंथालय असलें म्हणजे या दोघांस शास्त्रज्ञ म्हणून बसवितां येतें. प्रत्येक शास्त्रज्ञ दर फेरीस ३ चंचुपात्रें संशोधन देतो, आणि थोर पुरुष उदयास येण्यासाठीं जे गुण सांचावे लागतात त्यांत ३ ची भर घालतो. पहिल्या थोर पुरुषास १०० गुण पुरतात. सहा-सहा करून सतराव्या फेरीस ते भरतात.

होड्यांचे ३० हातोडे दुसऱ्या बंदरानें दिले व त्या समुद्रमार्गें आल्या. ग्रंथालयाचें काय? गणिताची विद्या हस्तगत झाल्यावर एक जंगल तोडलें म्हणजे ३० हातोडे मिळतात. मालवणास जंगलें तीन होतीं. हा हिशेब जमला तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. एकानें मध्येंच दुसरी वाट सुचविली होती. खेळांत गुलामगिरीची पद्धति आहे. एक माणूस खर्ची घातला कीं ३० हातोडे पदरांत पडतात. परंतु तीन वस्तीच्या शहरांत एका वेळीं एकच माणूस असा खर्ची घालतां येतो, आणि पुढें दहा फेऱ्या उरलेल्यांत असंतोष राहतो. आम्हीं ती हिशेबानें नाकारली. मालवणच्या संस्थापकानें ती निराळ्या कारणानें नाकारली, आणि त्याचें कारण आम्हांस अधिक आवडलें.

हेच शास्त्रज्ञ राजधानींत कां बसवूं नयेत, असें एकानें विचारलें. प्रश्न योग्य होता. पण राजधानींतील माणूस भरभराटलेल्या वसाहतीवर राबून पुष्कळ व्यापार मिळवितो. त्यास तेथून उठविणें महाग पडतें. मालवणच्या माणसास दुसरें कांहीं करण्याजोगें नव्हतेंच.

यथाकाल थोर शास्त्रज्ञ उदयास आला. त्यास राजधानींत पाठवून विद्यापीठ-मंडळ स्थापिलें, तेणेंकरून तेथील संशोधन निम्म्यानें वाढलें. मग राज्याच्या उत्पन्नाचा कांहीं भाग संशोधनाकडून खजिन्याकडे वळवितां आला व तूट भरली. पुढें आणखी एक उपयोग निघाला. मध्यम आकाराच्या नकाशावर ऑक्सफर्ड विद्यापीठ उभारावयाचें तर राज्यांत आधीं सहा साधीं विद्यापीठें लागतात. तीं केवढ्या शहरांत आहेत हें कोणी पाहत नाहीं. आमचीं मोठीं शहरें पांचच होतीं. सहावें विद्यापीठ मालवणास बांधलें. त्यास २०० हातोडे लागत असल्यामुळें तें सार्वत्रिक मताधिकार आल्यावर पैसे मोजून पुरें करावें लागलें, आणि तें फार उशिरां झालें हें कबूल केलें पाहिजे.

प्रत्येक उजाड जागेचें असें होतें, हें मात्र कोणीं समजूं नये. जेथें माशांसारखें एकहि अन्नाचें साधन नाहीं तेथें शहर वसवावयाचें तर जमिनींत लोखंड किंवा तेल तरी असावें, नाहीं तर दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसून त्यानें आपल्या जहाजांस वाट तरी करून द्यावी. आणि खजिना रिता असतांना, डावाच्या आरंभींच, अशीं दोन-तीन शहरें वसविणारास वांचविणारा हिशेब आम्हांस ठाऊक नाहीं.

डाव आम्हीं जिंकला नाहीं. शेजारच्या राजानें आपलें अंतराळयान आमच्या आधीं सोडिलें. त्या वेळीं मालवणची वस्ती तीनच होती. एक जण मासे धरीत होता आणि दोघे ग्रंथालयांत बसले होते.