पटसंख्या, वर्ग आणि शिक्षक

लोणावळ्याजवळील भुशीचे नाव निघताच धरण आणि पावसाळ्यातील पर्यटकांची गर्दी डोळ्यांसमोर येते. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे धरण आज राज्यभर परिचित आहे. मात्र याच परिसरातून मावळच्या आतल्या खोऱ्यांत शिरले, की डोंगरउतारावर विखुरलेल्या लहान वाड्या लागतात. एकीकडे शहरालगतच्या शाळेत मुलांची दाटी, तर दुसरीकडे वाडीवरच्या शाळेत मोजकीच मुले, अशी दोन टोके एकाच तालुक्यात संभवतात. म्हणूनच वर्गाच्या आकाराचा प्रश्न केवळ सरासरीने सुटणारा नाही.

निकष काय सांगतात?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन, 61 ते 90 मुलांसाठी तीन, 91 ते 120 साठी चार आणि 121 ते 200 साठी पाच शिक्षक असावेत. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक आणि दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक अपेक्षित आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण, 2020 ने हे प्रमाण प्रत्येक शाळेत 30 पेक्षा कमी आणि वंचित मुलांची संख्या मोठी असलेल्या भागांत 25 पेक्षा कमी असावे, असे म्हटले आहे. राज्यात पदे मंजूर करताना संचमान्यतेचे निकष शासन वेळोवेळी ठरविते. ते शाळांनी व पदाधिकाऱ्यांनी समजून घ्यावेत.

सरासरीमागचे वास्तव

समजा, एका शाळेच्या पाच इयत्तांत मिळून 60 मुले आणि दोन शिक्षक आहेत. प्रमाण 30 ला एक, म्हणजे कागदोपत्री समाधानकारक. प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे तीन इयत्ता येतात. 40 मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला जेमतेम 13 मिनिटे! उलट एका इयत्तेत 40 मुले असतील, तर प्रत्येक मुलाकडे लक्ष देण्यास शिक्षकाला सरासरी एकच मिनिट मिळते. दोन्ही ठिकाणी शिक्षक कष्टाळू असूनही मूल मागे राहू शकते. पहिल्या शाळेला बहुवर्ग अध्यापनाचे प्रशिक्षण व स्वयंअध्ययनाचे साहित्य हवे. दुसरीला आणखी एक तुकडी.

लहान वर्गाचा लाभ किती, याचा अभ्यास अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात झाला. 13 ते 17 मुलांच्या वर्गांतील मुले 22 ते 25 मुलांच्या वर्गांपेक्षा वाचन व गणितात पुढे राहिली. वंचित घरांतील मुलांना हा लाभ अधिक झाला. मात्र ते वर्ग एकाच इयत्तेचे होते, हे विसरून चालणार नाही.

स्थानिक जबाबदारी

पट कमी म्हणून शाळा दुसरीकडे जोडण्याचा विचार पुढे आला, तर केवळ नकाशावरील अंतर पाहून भागत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम आहे. मावळच्या पावसात वाटेवरचा ओढा भरला, तर तेवढे अंतरही लहान मुलाला दुस्तर होते. वाहनाची हमी नसेल, तर शाळेबरोबर मुलींचे शिक्षणही सुटण्याचा धोका असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कर्तव्य आहे. त्या आराखड्यात एकूण पटाबरोबर इयत्तावार पट, रिक्त पदे आणि पावसाळ्यातील वाटांची स्थिती नोंदवावी. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे अधिनियम सांगतो. 30 सप्टेंबरच्या पटनोंदीपूर्वी वीटभट्टीवरील व बांधकामावरील मजुरांची मुले शाळेत दाखल झाली आहेत का, हे पंचायत सदस्यांनी व नगरसेवकांनी जातीने पाहावे. त्या मुलांचा हक्क तर जपला जाईलच, शिवाय त्यांच्या नोंदीमुळे एखाद्या शाळेचे शिक्षकाचे पदही टिकू शकेल. पटावरील प्रत्येक नाव म्हणजे शिक्षकाच्या लक्षाची वाट पाहणारे एक मूल आहे, ही जाणीव असेल, तर निकषांना अर्थ प्राप्त होईल.