मुलांनी विकत घेतलेले रान

1987 साली स्वीडनमधल्या एका गावच्या शाळेत एहा कर्न या शिक्षिका मुलांना वर्षावनांविषयी, म्हणजे भरपूर पावसाच्या घनदाट अरण्यांविषयी शिकवीत होत्या. ती झपाट्याने तोडली जात आहेत हे ऐकून नऊ वर्षांच्या रोलंड टिएन्सूने विचारले, "मग ते रान आपणच विकत घेतले तर?"

बाईंनी त्याला गप्प बसवले नाही. (आपण बहुधा 'आधी धडा पूर्ण कर' म्हटले असते!) कोस्टा रिका देशात मॉन्टेव्हेर्दे येथे जमीन घेऊन रान राखता येते, असे कळले. मुलांनी नाटुकले केले, केक विकले आणि पहिला तुकडा घेतला. पुढे 44 देशांतील मुलांनी हातभार लावला. आज ते 'मुलांचे चिरंतन वर्षावन' 22,000 हेक्टरांहून मोठे आहे.

मातापित्यांनो, धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण रोलंडच्या प्रश्नापाशी थांबा आणि विचारा, "तुम्ही काय केले असते?" कुणी चर्चच्या आवारातल्या झाडाचे नाव घेईल, कुणी गावच्या विहिरीचे. हसू नका, निबंधही लिहायला लावू नका. मुलांनी सुचवलेले एक काम निवडा आणि पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर स्वतः जा.