भगव्या पताकेचा करडा

रंगीत डिजिटल फोटो कृष्णधवल करणे म्हणजे एक बटण दाबणे, ही समजूत आता पक्की रुजली आहे. बटण दाबले की रंग जातो, हे खरेच. पण गेलेल्या रंगाच्या जागी कोणता करडा यायचा, हे त्या बटणामागचे एक गणित ठरवते, आणि तुमच्या फोटोत काय आहे याची चौकशी ते गणित करत नाही. कृष्णधवलच्या नादी लागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच बजावतो की ही वाटणी आपल्या हातात ठेवा. कोणत्या रंगाला किती उजळ करडा द्यायचा हे ठरवण्यातच कृष्णधवल फोटोग्राफीचे निम्मे काम आहे, आणि ते बटणावर सोपवले की फोटो मळकट का दिसतो हे शोधत बसावे लागते.

लाल काठाची हिरवी साडी घ्या. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. साडीच्या अंगाचा एखादा बिंदू समजा लाल २०, हिरवा ११०, निळा ५० असा आहे. काठाचा बिंदू लाल २००, हिरवा २०, निळा ४०. डोळ्याला दोन्ही रंग एकमेकांपासून कोसभर लांब. आता सर्रास वापरले जाणारे सूत्र लावून पाहा: लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के, निळ्याचे ११.४ टक्के, आणि तिन्हींची बेरीज. उत्तर दोन्हीकडे ७६. काठ साडीत बुडाला. सूत्र चुकीचे आहे असे नाही. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ आणि निळा सगळ्यात मंद भासतो, त्या जाणिवेला टीव्हीच्या अभियंत्यांनी दिलेले हे आकडे आहेत. एचडी टीव्हीच्या प्रमाणात तेच आकडे २१.२६, ७१.५२ आणि ७.२२ असे आहेत. त्याने हीच साडी ८७ वर येते आणि काठ ६० वर. म्हणजे प्रमाण मानलेली सूत्रेही एका साडीबद्दल एकमत नाहीत. फोटोशॉपमधली ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा तर याहून ढोबळ हिशेब करते. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घ्यायचा आणि त्यांची सरासरी काढायची. त्या हिशेबाने शुद्ध पिवळा आणि शुद्ध लाल दोघेही १२८ वर येऊन बसतात. हळद आणि कुंकू एकाच करड्यात! ही आज्ञा कृष्णधवलसाठी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पताकेचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण वारीचे फोटो कृष्णधवल करण्याची हौस दरवर्षी आषाढात दिसते. भगव्या पताकेचे आकडे साधारण २५५, १५३, ५१ धरा आणि उघडीप पडल्यावरच्या निळ्या आकाशाचे ११०, १८०, २३०. पहिल्या सूत्राने पताका १७२ आणि आकाश १६५. इतका फरक कागदावर उतरत नाही. पताकेची नुसती काठी उरते. आता तिन्ही चॅनेल, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे, सुटे करून बघा. लाल चॅनेलमध्ये पताका २५५ आणि आकाश ११०, म्हणजे गडद आकाशावर पांढरीशुभ्र पताका. निळ्या चॅनेलमध्ये पताका ५१ आणि आकाश २३०, म्हणजे फिक्या आकाशावर जवळपास काळी पताका. एकाच क्लिकमधून निघालेले हे दोन फोटो अगदी निराळ्या स्वभावाचे आहेत, आणि दोन्ही मूळ रंगीत फाइलमध्ये आधीपासून होते. म्हणूनच कोणतेही स्लायडर हलवण्याआधी तिन्ही चॅनेल एकेक करून पाहण्याची सवय लावून घ्या. त्यात फार तर मिनिटभर जातो, आणि या फोटोत काय कशापासून सुटे दिसायला हवे, हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. त्याचे उत्तर ठरले की फोटोशॉपमधले सहा रंगांचे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा लाइटरूममधले आठ रंगांचे मिक्स घ्यावे आणि त्या उत्तरापुरतेच दोन-तीन स्लायडर हलवावेत. फुकटच्या गिम्पमध्येही मोनो मिक्सर आहे; साधनाअभावी अडते असे नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ही लबाडी झाली, आकाश इतके काळे नव्हतेच. माझे म्हणणे, आकाश करडेही नव्हते. रंगाला करडा देणे हेच मुळी भाषांतर आहे, आणि फिल्मच्या काळातही ते कधी तटस्थ नव्हते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हाची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल वस्तू काळी पडायची आणि निळे आकाश पांढरे उडायचे. पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आल्यावर फोटोग्राफर लेन्सपुढे पिवळी, नारिंगी, लाल काच लावू लागले. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमच्या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला आणि मग गडद लाल लावून. लाल फिल्टरचाच फोटो गाजला, आणि त्यातले आकाश काळ्याच्या अगदी जवळ गेलेले आहे. आजचे स्लायडर म्हणजे तीच काच, फक्त क्लिकच्या आधी लावायची ती नंतर लावता येते.

तरी या आक्षेपात एक खरा कण आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. तो आहे माणसाच्या चेहऱ्याचा. आपल्याकडची गव्हाळ-सावळी कातडी, कितीही गडद असली तरी, लाल-नारिंगी रंगातच मोडते. नारिंगीचा स्लायडर उजवीकडे ढकलला की सावळा माणूस गोरा होतो, सुरकुत्या आणि डाग पुसले जातात, आणि गिऱ्हाईक खूश होते. हीच ती सोपी लबाडी, आणि लग्नाच्या अल्बमांत ती पानोपानी सापडते. शिवाय तिची शिक्षा जागच्या जागी मिळते: लाल चॅनेलमध्ये कपाळ आणि कुंकू यांचे आकडे जवळजवळ सारखे असल्यामुळे गोरेपणाबरोबर कुंकूही पुसले जाते. हिरव्या चॅनेलमध्ये ते ठळक राहते आणि चेहऱ्याची ठेवणही. निळ्याकडे फार झुकलात तर कातडी काळवंडते आणि प्रत्येक पुटकुळी वर येते. त्यामुळे माणसांच्या फोटोत हिरवा चॅनेल पाया धरून पुढे जावे, आणि बातमीच्या फोटोत तर नेहमीच्या सूत्रापासून फार लांब जाऊच नये.

दुसरे म्हणणे असे की कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड असताना हा उपद्व्याप कशाला? मोडला माझा विरोध नाही. मागच्या पडद्यावर करड्यात दिसायला लागले की प्रकाश आणि आकार यांच्याकडे लक्ष जाते, शिकणाऱ्याला ते फार उपयोगी पडते. मात्र त्या मोडमध्ये नुसते जेपेग घेतले तर रंगाची माहिती कायमची गेली. काठ आणि साडी एकदा ७६ वर आली की कोणीही त्यांना वेगळे काढू शकत नाही. रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवा, म्हणजे पडद्यावर करडा दिसतो आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतो. रॉचा दुसरा फायदा मोठा आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४. त्यातून बहुतेक जेपेग रंगाची माहिती उजळपणाच्या मानाने आडवी-उभी निम्म्या बारकाईनेच साठवतात. स्लायडर तर याच रंगाच्या माहितीवर चालतात. म्हणून जेपेगमधले आकाश जोरात काळे केले की पताकेभोवती पांढरी किनार उमटते, आकाशात चौकोनी डाग आणि पट्टे दिसू लागतात. निळा चॅनेल बहुधा सर्वांत दाणेदार असतो, पिवळ्या बल्बच्या उजेडात तर विशेष. फाइल जेपेगच असेल तर हात आखडता घ्यावा. स्लायडर हलवल्यावर फोटो शंभर टक्के मोठा करून कडा तपासाव्यात आणि किनार दिसली की मागे यावे.

फसलेला फोटो कृष्णधवल करून वाचतो, यावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. एका प्रसंगी तो वाचतो: मंगल कार्यालयात एकीकडून पिवळे दिवे आणि दुसरीकडून जांभळे एलईडी पडलेले असतात तेव्हा रंगांची ती खिचडी काढून टाकलेलीच बरी. हललेला, फोकस चुकलेला किंवा मुळात सपाट प्रकाशातला फोटो करड्यात तेवढाच पडेल राहतो, फक्त गंभीर दिसायला लागतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप फोटोग्राफर रघुबीर सिंह यांचा आहे. भारताकडे पाहण्याची रीतच रंगाची आहे, कृष्णधवल ही पश्चिमेची नजर, असे ते आग्रहाने मांडत आणि आयुष्यभर रंगीतच काम करत राहिले. मला हा दावा सरसकट मान्य नाही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे कृष्णधवल काम पाहून भारत हरवल्यासारखे कुणालाही वाटणार नाही. पण सिंह यांच्या आक्षेपातून एक चांगली कसोटी हाती लागते. जेजुरीला भंडारा उधळला जातो तेव्हा पिवळा हाच विषय असतो. कितीही कौशल्याने करडा वाटला तरी तिथे धुरळा उरतो, हळद उरत नाही. असा फोटो रंगीतच राहू द्यावा. उलट कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीवरचे शेवाळ, पावसाने धुतलेल्या पायऱ्या, वारकऱ्याच्या पांढऱ्या धोतराच्या चुण्या यांत रंग गेल्यावर पोत वर येतो. तिथे जांभा आणि शेवाळ सुटे राहतील एवढे पाहिले की झाले.

छपाईबद्दल थोडेसे. इंकजेट प्रिंटर करडासुद्धा रंगीत शाया मिसळून काढतो, त्यामुळे प्रिंट कधी हिरवट, कधी किरमिजी झाक मारते, आणि ती झाक दिव्याप्रमाणे बदलते. प्रिंटरला काळी आणि करडी अशा वेगळ्या शाया असतील तर त्याचा कृष्णधवल मोड वापरावा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या मिटतात, म्हणून तिथे जाणारी फाइल पडद्यावर किंचित फिकी वाटेल अशीच ठेवावी. मोठी प्रिंट काढण्याआधी पोस्टकार्डाएवढा तुकडा छापून घ्यावा आणि तो खिडकीच्या उजेडात आणि घरातल्या एलईडीखाली धरून पाहावा.