चकतीच्या विभागावर फाइल-प्रणाली स्थापन करणे



धरमतर खाडीकाठच्या शिक्षकांस खार जमिनीची रीत सांगावयास नको. नुसता बांध घातल्याने शेत होत नाही. आत खाचरे पाडावी लागतात आणि कोणते खाचर कोणाचे याची नोंद ठेवावी लागते. संगणकाच्या चकतीचेही तसेच आहे. चकतीचा विभाग पाडणे हा बांध होय; त्या विभागात खाचरे आखून नोंदवही उघडणे म्हणजे फाइल-प्रणाली स्थापन करणे होय.

'ईएक्सटी४' ही प्रणाली २००८ साली लिनक्समध्ये स्थिर म्हणून स्वीकारली गेली. तिचे एकेक खाचर, म्हणजे 'ब्लॉक', सामान्यतः ४०९६ बाइटांचे असते. फाइलीचा 'आयनोड' हा जणू तिचा सातबारा : मालक कोण, आकार किती, मजकूर कोणत्या ब्लॉकांत, हे त्यावरून कळते.

कृती : (आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या, येथे उच्चार दिला आहे.)

१. 'एलएसबीएलके' या आज्ञेने चकत्यांचे आकार पाहावे. पुढे '-एफ' जोडल्यास विभागावर आधीची प्रणाली आहे काय, हे दिसते.

२. विभाग वापरात असल्यास 'सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१' या आज्ञेने तो सोडवावा. येथे 'यू'नंतर 'एन' अक्षर नाही, हे ध्यानी घ्यावे.

३. 'सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल दप्तर /डेव्ह/एसडीबी१' अशी आज्ञा द्यावी. 'एल' मोठ्या लिपीतील असावे. त्यापुढील 'दप्तर' हे विभागाचे नाव होय.

४. 'सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी' या आज्ञेने विभाग जोडून घ्यावा.

तीच चकती विंडोजच्या संगणकावरही न्यावयाची असल्यास 'ईएक्सटी४'ऐवजी 'एक्सफॅट' निवडावी.

आता तिसऱ्या कृतीविषयी. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागांतील अनेक शाळांची छपरे उडविली. एका शाळेने भिजलेल्या जनरल रजिस्टराची छायाचित्रे चकतीवर साठविली होती. पुढे तेथे दुसरी, कोरी चकती तयार करून देताना मी चकत्या काढून पुन्हा जोडल्या. त्यामुळे त्यांची नावे बदलली, ते मी पडताळले नाही. येथे आधीच फाइल-प्रणाली आहे, पुढे जावे काय, असे यंत्राने विचारलेही. मी घाईने होकार दिला. अशा वेळी सातबारे नवे होतात आणि जुन्या पिकाचा धनी उरत नाही. मूळ पाने तोवर एकमेकांस चिकटून गेली होती. त्या पानांवरील माजी विद्यार्थी जन्मतारखेचा उतारा मागावयास येतो, तेव्हा मुख्याध्यापकांपाशी द्यावयास काही नसते.

सबब विनंती अशी की, मौल्यवान चकती आधी काढून ठेवावी. आज्ञा देण्यापूर्वी विभागाचे नाव व आकार एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर पडताळावा. हजेरी घेताना आपण नाव पुकारतो आणि मूलही पाहतो. तसेच हे होय.