‘पुट ऑफ’ म्हणजे काय?

प्रश्न : ‘पुट ऑफ’ला मराठी पर्याय कोणते? — एक वाचक, बुलढाणा

उत्तर : १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या आपल्या वऱ्हाडात फारसी दफ्तराची भाषा इतकी मुरली आहे की, पर्यायांसाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही : भरण्यापूर्वीच पुढे ढकललेली सभा सामान्यतः ‘मुलतवी’, आणि भरून मध्येच थांबवलेली ‘तहकूब’, पैकी पहिलीलाच ‘पुट ऑफ’ लागते, दुसरीला ‘अ‍ॅडजर्न’. मृग कोरडा गेला म्हणून मेहकरच्या शेतकऱ्याने पेरणी लांबणीवर टाकली, तेथे ‘पुट ऑफ’ चपखल बसते. पाऊसच लांबला असता चालत नाही, कारण या क्रियेस ढकलणारा कर्ता हवा. अर्जात ‘पोस्टपोन’ शोभते. मात्र ‘ही पुट मी ऑफ’ म्हणजे त्याने मला टोलवले किंवा त्याच्यावरून माझे मन उडाले. तेव्हा प्रसंग पाहूनच अर्थ करावा.