स्वप्नात जाग, अंगाबाहेर मी

प्रश्न : सजग स्वप्नांचा (स्वप्नातच ते स्वप्न आहे हे ओळखण्याचा) सराव करतोय. परवा पहाटे अंग हलेना आणि पलंगावरचा मी मलाच वरून दिसलो. हे काय? – एक वाचक, नालासोपारा

उत्तर : घाबरू नका, आत्मा कुठेही गेला नव्हता. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल ठेवतो. हा सैलपणा जाण्याआधीच जाग आली की अंग हलत नाही, शरीराच्या जागेचं भानही चुकतं. २००२ मध्ये मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांनी अपस्मार असलेल्या एका महिलेच्या मेंदूला उजवीकडे सौम्य वीज दिली, तर तिला आपण छताजवळ तरंगतोय असंच वाटलं. सजग स्वप्न मात्र खरं : १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने डोळ्यांनी ठरलेली खूण केली. अशा स्वप्नांसाठी पहाटे उठून पुन्हा झोपायचा सराव पहिली विरार लोकल धरणाऱ्याने रविवारीच करावा. झोप मोडून स्वप्नं कसली शिकता? अंग न हलणं वारंवार घडलं तर डॉक्टरांना दाखवा.