अदृश्य प्रकाशाने छापलेले दाखले

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या विद्यालयाच्या कार्यालयात एक जुना लॅपटॉप आणि एक जुना लेझर प्रिंटर देणगीदाखल आले. दोहोंना जोडणारी केबल मात्र आली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांना जोडावयाचे एकोणीस दाखले दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावयाचे होते. आरे कॉलनीतून गोरेगाव स्थानक गाठून केबल आणावी, तर बाहेर पाऊस कोसळत होता. तेव्हा दोन्ही यंत्रांवरील गडद, लालसर झाकणाच्या इवल्या खिडकीकडे आमचे लक्ष गेले. ते इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांचे द्वार होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास या किरणांची शोधकथा ठाऊक असावी. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्यांत तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. आरेच्या रानात बिबट्यांची छायाचित्रे टिपणारे कॅमेरेही देहाच्या उष्णतेतून निघणारे याच कुळातील किरण हेरून जागे होतात.

१९९३ साली स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनने या किरणांनी यंत्रांचा संवाद घडविण्याचे नियम ठरविले. त्यातील मूळ, संथ पद्धतीत शून्य म्हणजे प्रकाशाचा एक क्षणिक ठिपका आणि एक म्हणजे अंधार. वेग सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट. पुढे ४० लाख बिटांची वेगवान पद्धतही आली, पण आमची यंत्रे संथ घराण्यातली.

लॅपटॉपच्या बायोसमध्ये अवरक्त द्वार बंद होते, ते प्रथम चालू केले. मग प्रिंटर जोडताना पोर्टांच्या यादीतून 'आयआर' निवडले. दोन्ही खिडक्या समोरासमोर, एक मीटरच्या आत हव्यात. मध्यरेषेपासून सुमारे १५ अंशांपलीकडे कलल्या की संबंध तुटू शकतो. मध्ये हात आला तरी तेच. थेट ऊन पडले तरी व्यत्यय येतो, कारण उन्हातही हे किरण असतातच. त्या दिवशीचे ढग आमच्या पथ्यावर पडले.

चाचणीसाठी पाठविलेल्या इंग्रजीच्या चार ओळी क्षणात उमटल्या. मराठी दाखला मात्र दीड मिनिटाहून अधिक रेंगाळला. आम्हांस बिघाड वाटला. तो हिशेब होता. रोमन अक्षरांचे साचे प्रिंटरच्या स्मृतीत होते, म्हणून केवळ अक्षरांचे संकेत पाठविणे पुरे झाले. देवनागरीचे साचे तेथे नव्हते. आमचे पान चित्र होऊन जात होते. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. त्या वेगाने ते पोहोचावयास इतका वेळ लागणारच. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, इयत्ता, सारे ठिपक्याठिपक्याने हवेतून चालले होते. यंत्र घडविताना आपली लिपी कोणाच्या ध्यानी होती काय, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि अजून गेलेला नाही.

ब्लूटूथ व वायफाय आल्यावर ही खिडकी लॅपटॉपवरून नाहीशी झाली. दूरचित्रवाणीच्या अनेक रिमोटांत मात्र हेच किरण आहेत. अंधाऱ्या खोलीत रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा हे किरण अडविणारी गाळणी असते. टोकाशी फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल.

रात्री जेवणाची घंटा होईपर्यंत अठरा दाखले निघाले. एकोणिसाव्याच्या वेळी कोणी तरी मधून चालत गेले, आणि तो पुन्हा छापावा लागला.